सकाळी आठचा मिस कॉल

लाखनीत कोणी आजारी पडलं की माणसं त्याला ‘पाहाले’ जातात. हातात बिस्किटाचा पुडा नाहीतर चार संत्री, आणि चपला दाराशी काढता काढताच नजर आत. माझ्या पोटाचं ऑपरेशन होऊन मी नागपूरहून घरी आले, त्या पहिल्या आठवड्यात आमची अख्खी गल्ली मला पाहून गेली. येणारी प्रत्येक बाई आधी माझ्या डोक्याकडे बघायची. केस जागच्या जागी. मग तिचा चेहरा असा पडायचा, जणू तिकीट काढून आली आणि नाटकच झालं नाही.

“केस तं नाही गेले वो मॅडम तुमचे,” शेजारीण म्हणाली. “मंग कायचा कॅन्सर?”

मला असा संताप आला की टाके तुटतील असं वाटलं. म्हणजे मी टकली होऊन बसले असते तर या बाईचं समाधान झालं असतं! मी म्हटलं, “थांबा, तुमच्यासाठी न्हाव्याले बोलावते.” ती गेली ती पुन्हा आली नाही. बरंच झालं.

माझा कॅन्सर लोकांच्या ओळखीतला नव्हता, हा माझा गुन्हा. जठराच्या भिंतीत वाढलेली ती गाठ होती. असली गाठ क्वचित कोणाला होते, असं डॉक्टर म्हणाले होते. ती कापून काढली, पण मागे राहिलेल्या बारीकसारीक ठिपक्यांसाठी रोज एक गोळी, आणि ती कधी थांबायची हे त्यांनी सांगितलं नाही. सलाईन नाही, केस गळणं नाही. त्या गोळीनं सकाळी पापण्या सुजायच्या, पोटऱ्यांत गोळे यायचे, मळमळ, जुलाब, आणि वर चामडीचा रंग उडायचा. मी जन्माची सावळी. सहा महिन्यांत उजळ दिसायला लागले. शाळेतल्या सहकारी शिक्षिकेनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, “कोणती क्रीम लावून राहिल्या, सांगा ना.” आता हसावं की रडावं?

नातेवाइकांनी तर कळसच केला. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेऊन घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले होते. त्यांच्याच नातीच्या उशाला माझी चुलत सासू अंगाऱ्याची पुडी ठेवून गेली. “असू दे, काय बिघडते?” म्हणे. मी पुडी उचलून तिच्या पिशवीत परत टाकली. मग ती सगळीकडे सांगत फिरली की आजारानं हिचं डोकं फिरलं. माझं डोकं आजाराच्या आधीपासून असंच होतं, हे लग्नाला वीस वर्षं झालेल्या माझ्या नवऱ्याला विचारा.

नवरा शांत माणूस. हायवेवर त्याचं ट्रकच्या स्पेअर पार्टचं छोटं दुकान. दिवसभर ड्रायव्हरांच्या शिव्या ऐकून घरी यायचा आणि घरी माझ्या ऐकायचा. दर महिन्याला गोळ्या आणायला मला घेऊन नागपूरला जायचा. त्या दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात मला ताई भेटली.

आम्ही एकमेकींना पापण्यांवरून ओळखलं. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. जाडजूड, सुजलेले डोळे, अंगावर ठिकठिकाणी उडालेला रंग. माझ्याकडे बराच वेळ बघून ती सरकत सरकत जवळ आली.

“तुमी बी पिवळीवाली गोळी खाता काय?”

“हाव,” मी म्हटलं.

“बाप्पा!” ती म्हणाली आणि तिनं माझा हात असा धरला की मी तिची हरवलेली बहीणच. “मले वाटे, साऱ्या दुनियेत मीच एकटी.”

ताईचं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलं होतं. आता पवनीकडच्या एका पुनर्वसनात, सरळ रेषेत आखलेल्या प्लॉटांपैकी एकावर ती आणि तिचा नवरा राहत. मी त्यांना भाऊ म्हणायचे. भाऊ धरणाच्या पाण्यात डोंगा घालून मासे धरायचे. मूलबाळ नव्हतं. ताईची गाठ आतड्यात होती आणि सापडली तेव्हाच यकृतावर पसरलेली, म्हणून ऑपरेशन नाही, फक्त गोळी. पण बाई तोंडाची अशी फटकळ की व्हरांडा हसायचा. “घर गेलं, शेतातली पाण्याची बोडी गेली, आता पोट गेलं,” ती म्हणायची. “सरकारले इचारा, पोटाचं पुनर्वसन करते काय?”

तिसरी आमच्यात आली ती जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमधली एक बाई. आजारी तिचा नवरा. पण तो मान खाली घालून बसायचा आणि त्याच्या वतीनं सगळं ही बोलायची. कुठे दुखतं हेसुद्धा. आम्ही तिला क्वार्टरवालीच म्हणायचो. असे आम्ही तीन पेशंट, आणि सोबतची तीन माणसं. डॉक्टरांजवळ प्रत्येकाला जेमतेम पाच मिनिटं मिळायची. खरं शिक्षण आमचं त्या बाकावर झालं.

गोळी पोटात ठरत नव्हती. रिकाम्या पोटी घेतली की उलटी, जेवणानंतर घेतली तरी उलटी. ताईनं शिकवलं. “अर्धा भात खायचा, मंग गोळी, मंग वरून बाकीचा अर्धा. भाताच्या मधात दाबून टाकायची तिले, वर येतच नाही.” आणि वर मोठा गिलासभर पाणी. क्वार्टरवालीनं शिकवलं की पोटरीत गोळा आला की पायाचा अंगठा नडगीकडे ओढून धरायचा. मी काय शिकवलं? मी मास्तरीण. मी हजेरी शिकवली.

तेव्हा साध्या बटणाच्या फोनचा काळ होता आणि मिस कॉल फुकट असायचा. मी नियम केला. सकाळी आठला खाऊन गोळी घ्यायची आणि मिस कॉल द्यायचा. एक रिंग, कट. कोणी उचलायचा नाही. ताईचा मला, की लगेच माझा ताईला परत. क्वार्टरवालीचा दोघींना, नवऱ्याच्या वतीनं. म्हणजे काय, तर गोळी पोटात गेली, आजचा दिवस झाला. साडेआठपर्यंत आला नाही तर खरा फोन लावायचा आणि शिव्या द्यायच्या. शिव्या द्यायचं खातं सर्वानुमते माझ्याकडे आलं.

सांगायला लाज वाटत नाही, त्या एका रिंगसाठी मी सकाळी उठायचे. घरातलं माणूस विचारतं, “बरं वाटतं का?” आणि आपल्याला हो म्हणावं लागतं, कारण त्याचा चेहरा बघवत नाही. ताईच्या रिंगला काही उत्तर द्यावं लागायचं नाही. ती पण तीच पिवळी गोळी गिळून, तोंड वाकडं करून बसलेली असायची. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आम्ही व्हरांड्यात बसायचो तेव्हा आमची सोबतची तिघं, म्हणजे माझा नवरा, भाऊ आणि क्वार्टरवाली, बाहेर चहाच्या टपरीवर जायची. मला वाटायचं, बिचारी कंटाळतात, जरा पावसापाण्याच्या गप्पा मारत असतील. मी भोळी.

एका थंडीत ताईचा मिस कॉल आला नाही. फोन लावला तर बंद. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी रविवार होता. मी नवऱ्याला मोटरसायकल काढायला लावली आणि अड्याळवरून थेट तिच्या दारात. ताई अंगणात बसून लसूण सोलत होती. डोळ्यांची सूज उतरलेली, चेहरा ताजातवाना. मी समजले. गोळी बंद.

“काहून बंद केली?” मी ओरडले.

“बाया म्हणतात, गोळी रक्त खाऊन राहिली, म्हणून मी पांढरी पडून राहिली,” ती म्हणाली. “अन् खरं सांगू मॅडम? तीन दिवस झाले, हलकं वाटून राहिलं. मले भात गोड लागला.”

या बाया! इतक्या दिवसांत एका बाईनं हिला दवाखान्यात सोबत केली नव्हती, पण औषध बंद करायचा सल्ला द्यायला सगळ्या डॉक्टरीण. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी समजावलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, गोळी थांबली की गाठ कशी उसळते ते सांगितलं. ताई लसूण सोलत राहिली. मग मी रागाच्या भरात जे बोलले ते आजही माझ्या कानात आहे.

“आयक ताई. तुझा मिस कॉल आला तं मी गोळी खाईन. नाही आला तं मी बी खाणार नाही. मरू दोघी. मंग तुह्या त्या बायांले सांग, या आता पाहाले, बिस्किटाचे पुडे घेऊन या!”

ताई हसली. “मास्तरीणबाई, शाळेतल्या लेकरायले भेव दाखवा.” पण माझा चेहरा बघून तिचं हसू थांबलं. भाऊ दाराशी बसून जाळं शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण सुई थांबली होती.

दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला रिंग आली. त्यानंतर एक दिवस चुकला नाही. मी किती फुशारले होते म्हणून सांगू! सगळ्यांना सांगत फिरले की असं करावं लागतं, गोड बोलून काही होत नाही.

पुढच्या वर्षी संक्रांतीनंतर ताई व्हरांड्यात दिसेनाशी झाली. भाऊ फोनवर म्हणाले, तिची तारीख बदलली. मी फोन करायचे तर ताई कधी अंगणात गेलेली, कधी झोपलेली. दोनदा ती स्वतः बोलली, आवाज बारीक. “सर्दी झाली,” म्हणाली. मला राग आला. म्हटलं, ठीक आहे, आम्हाला विसरली असेल तर विसरो. पण मिस कॉल रोज येत होता, म्हणजे गोळी चालू होती, म्हणजे सगळं ठीक होतं. मी स्वतःच बनवलेला नियम, त्यावर मी शंका कशी घेणार?

मे महिन्यात घरोघरी जाऊन माहिती भरायची सरकारी ड्युटी निघाली. माझं नाव यादीत. मी सगळे कागद घेऊन तालुक्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या साहेबानं कागद उलटेपालटे केले, मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“मॅडम, तुम्ही तर एकदम फ्रेश दिसता.”

“साहेब, मला कॅन्सर आहे.”

“हो, पण आमच्याकडे सूट द्यायच्या आजारांची यादी आहे, त्यात हे नाव नाही.”

यादीत नाही! शरीरानं साहेबाची यादी वाचून आजारी पडायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, “ऑर्डर निघाली आहे, आता काही होत नाही,” आणि पंख्याचं बटण वाढवायला शिपायाला हाक मारली. मी पाय आपटत बाहेर आले. पण आले. ड्युटीवर जाणार नाही, काय करायचं ते करा, असं म्हणायला हवं होतं. नोकरीवर आच येईल म्हणून ते माझ्या तोंडातून निघालं नाही.

भंडाऱ्याचा मे महिना आणि अकरा दिवसांची पायपीट. गोळी घेतली की दोन तासांत मळमळ आणि जुलाब. परक्याच्या घरी फॉर्म भरता भरता कोणाला विचारायचं, तुमचा संडास कुठे आहे? पहिल्या दिवशी एका गावात माझी जी फजिती झाली ती मी लिहिणार नाही. दुसऱ्या दिवसापासून मी गोळी बंद केली. ड्युटी संपेपर्यंत, एवढंच. सूज उतरली, पाय चालायला लागले, भात गोड लागला.

आणि रोज आठ वाजता ताईची रिंग आली की मी परत मिस कॉल दिला. पहिल्या दिवशी बोट जरा अडलं. तिसऱ्या दिवशी अडलंही नाही. अकरा दिवसांतले दहा दिवस मी असं केलं, मग गोळी पुन्हा चालू केली आणि कोणाला सांगितलं नाही. हे पाप त्या साहेबाचं आहे, माझं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

ऑगस्टमध्ये मी गोळ्या आणायला नागपूरला गेले. औषधाच्या खिडकीवर माझं नाव लिहून झालं तेव्हा सहज विचारलं, “आमच्या ताईंची तारीख कोणती लागलीय? एकाच दिवशी करून घेतो.” मी नाव-गाव सांगितलं. त्या माणसानं रजिस्टर चाळलं.

“त्या पेशंटची फाइल बंद झाली.”

“बंद म्हणजे?”

“बंद म्हणजे बंद, मॅडम. मे महिन्यात वारल्या.”

त्याच दिवशी सकाळी आठ वाजता मला ताईचा मिस कॉल आला होता.

मी वळून पाहिलं. माझा नवरा स्वतःच्या बुटांकडे बघत होता. शेजारी क्वार्टरवाली पदराचं टोक सारखं करत होती. मी वीस वर्षं वर्गात उभी राहिले आहे. फळा कोणी खराब केला हे पोरांच्या तोंडावरून मला कळतं.

“तुम्हाला माहीत होतं.”

क्वार्टरवाली एक पाऊल मागे सरकली.

“तुम्हाला दोघांनाही माहीत होतं!”

व्हरांडा माझ्याकडे बघायला लागला. बघू दे म्हटलं. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. जानेवारीतच ताईवर गोळी चालेनाशी झाली होती. दुसरी दिली तर तळपायाला फोड आले आणि गाठ वाढतच राहिली. डॉक्टरांनी सगळं बंद केलं. भाऊंनी एकट्यानं येऊन टपरीवर या दोघांना सांगितलं आणि तिघांनी मिळून ठरवलं की मॅडमला कळू द्यायचं नाही. माझा नवरा तर ताईच्या तेरवीला जाऊन आला होता! घरून निघताना मला म्हणाला होता, सामान आणायला नागपूरला जातो. संध्याकाळी रिकाम्या हातानं परत आला, आणि मी मूर्ख, साधं विचारलं नाही की सामान कुठे आहे.

“मी काय कुक्कुलं बाळ आहे?” मी त्याला म्हटलं. “ती माझी मैत्रीण होती. तिला मी शेवटचं पाहायला नको? सारी दुनिया मला पाहायला येत होती तेव्हा दार उघडं ठेवायचे तुम्ही, आणि मला जायचं होतं तिथे दार बंद?”

“तू गोळी सोडली असतीस,” तो म्हणाला.

“कोण म्हणालं?”

“तूच म्हणाली होतीस. त्यांच्या अंगणात. मी मोटरसायकलजवळ उभा होतो.”

क्वार्टरवाली मध्ये पडली, “मॅडम, तुमचा सोभाव आमाले मालूम आहे ना. तुमी बोलता ते करता.” म्हणजे दोषही माझाच! चोराच्या उलट्या बोंबा. परतीच्या गाडीत मी नवऱ्याशी एक शब्द बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी चहासुद्धा न घेता निघाले. नवरा मुकाट्यानं मोटरसायकल चालवत होता. वाटेत आठ वाजले आणि पर्समध्ये फोन वाजला. एक रिंग, कट. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच्या मागोमाग असा राग आला की पुनर्वसनात पोहोचेपर्यंत मी भाऊंना काय काय सुनवायचं ते पाठ करून टाकलं.

भाऊ अंगणात मासे निवडत होते. मला पाहून उठले, हात धुतले, खाट टाकली. मी बसले नाही.

“कोणी फोन केला आत्ता? मेलेली माणसं फोन करतात काय, भाऊ? तीन महिने! तीन महिने तुमी तिच्या नावानं मले फसवलं. मले तिची माती पण दिसू देल्ली नाही. काय वाटलं नाही तुमाले?”

शेजारच्या बाया दारात आल्या. मी त्यांनाही सोडलं नाही. तुम्हीच तिला गोळी बंद करायला लावली होती, आता काय तमाशा बघता, आत व्हा. त्या आत झाल्या.

भाऊंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग खाली बसून हळूहळू बोलले.

“तिनंच सांगतलं होतं, मॅडम. म्हणे, मॅडम बोलाची पक्की आहे, माहा फोन नाही गेला तं थे बी सोडंल. गोळी बंद झाली तरी रोज आठ वाजता तीच बटण दाबे. मंग बोटात जोर राहिला नाही, तं मी दाबत गेलो.”

“अन् ती गेल्यावर?”

“तेरवीपर्यंत करीन म्हणलं, मंग सांगून देईन. पण तुमचा रोज वापस येऊन राहिला होता. म्हणलं, एक जण तं जगून राहिलं. मंग नाही सांगून झालं.”

माझा आवाज जरा खाली आला असेल. मी विचारलं, शेवटी तिला त्रास झाला का?

“शेवटले आठ-दहा दिवस बोलणं बंद होतं. ऊन तापत होतं, मी ओला पंचा अंगावर टाकून देऊ. पण आठ वाजले का तिचे डोळे फोनवर. तुमची रिंग आली का मी म्हणो, घेतली वो मॅडमनं. मंग डोळे मिटे. मंग दिवसभर काही मांगत नसे.”

“कधीची गोष्ट ही, भाऊ? मे महिन्यात कधी?”

त्यांनी तारीख सांगितली. ती गेली त्या सकाळीसुद्धा माझी रिंग तिनं ऐकली होती. त्या सकाळी मी एका खेड्यात झाडाखाली बसून फॉर्म लावत होते. गोळी घरी, डब्यात.

मी गप्प राहू शकले असते. कोणालाच माहीत नव्हतं, नवऱ्यालाही नाही. पण ज्या माणसाला मी अंगणात उभं करून, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर खोटारडा म्हटलं, त्याच्यापुढे हे गिळून परत जायचं मला जमलं नाही.

“भाऊ, त्या दिवसांत मी गोळी घेतली नव्हती.”

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. ड्युटी, ऊन, जुलाब, साहेबाची यादी. दहा दिवस नुसताच मिस कॉल दिला. मोटरसायकलजवळ उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्यानं झटकन मान वर केली.

भाऊ उभे राहिले. या माणसाचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

“तुमची चालून राहिली होती ना?”

मी मान हलवली.

“माह्या बायकोची चालत नोहोती, मॅडम! दोन-दोन गोळ्या करून पाह्यल्या. तळपायाची सालं निघाली, तरी मांगे, अजून एक देऊन पाहा म्हणे डॉक्टरले. तिले भेटली नाही. अन् तुमची चालती गोळी तुमी डब्यात ठेवून फिरून राहिल्या होत्या? कोणासाठी? त्या साहेबासाठी? साऱ्या जगाशी भांडता तुमी. आता आल्या आल्या मले भांडल्या, या बायांले भांडल्या. अन् त्या साहेबाले भेल्या?”

दारं पुन्हा उघडली होती आणि या वेळी मी कोणाला आत व्हा म्हटलं नाही. माझ्या आयुष्यात मला इतकं खरं कोणी सुनावलं नव्हतं, आणि सुनावणारा माणूस लेकरासारखा रडत होता.

थोड्या वेळानं त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, “उद्यापासून मिस कॉल नाही पायजे. तुमी फोन लावान, मी उचलीन. गोळी तोंडात टाकाची, पाणी प्याचं, मले आयकू आलं पायजे. पैसे कटले तं कटू द्या.”

हे कोण मला सांगणार, असं एक क्षण मनात आलंच. सवय. पण मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता अर्धा भात खाऊन मी फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला. मी काही न बोलता गोळी तोंडात टाकली, गिलासभर पाणी प्याले.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

“खरं?”

वीस वर्षांच्या नोकरीत मला असं कोणी विचारलं नव्हतं. मला राग आला. पण मी म्हटलं, “खरं, भाऊ.”

“मंग बाकीचा भात खाऊन घ्या,” ते म्हणाले आणि मी खाईपर्यंत फोन धरून बसले.